एकाच वाटेचा चक्रव्यूह

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला बजावले होते, "आठवणींचे लेख भरपूर आलेत, तू आपला इतिहासच लिही." आज्ञा शिरसावंद्य. पण इतिहास म्हटला की सनावळ्या आल्या, आणि सनावळ्यांनी आपल्यापैकी किती जणांच्या प्रगतिपुस्तकात लाल रेघ ओढली होती ते मला पक्के ठाऊक आहे. म्हणून राजे आणि लढाया बाजूला ठेवून एका आकृतीचा इतिहास सांगतो. तिला इंग्रजीत लॅबिरिंथ म्हणतात, आपल्याकडे चक्रव्यूह. निदान तीन हजार दोनशे वर्षे ती माणसांच्या हातात आहे. आणि ती राजांनी किंवा पंडितांनी जपली त्याहून जास्त खेळणाऱ्या मुलांनी, नाचणाऱ्यांनी आणि रिकामटेकड्यांनी जपली, असे माझे मत होत चालले आहे.

आधी एक घोळ निस्तरू. लहान मुलांच्या मासिकात 'सशाला गाजरापर्यंत पोहोचवा' असे कोडे असते. त्यात फाटे असतात, पुढे गेल्यावर बंद होणाऱ्या गल्ल्या असतात, पेन्सिल अडते आणि खोडरबर काढावा लागतो. तो भुलभुलैया. लखनौच्या बड्या इमामबाड्यात वरच्या अंगाला जी भुलभुलैया आहे, १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून नबाब असफउद्दौलाने ज्या इमारतीचे काम काढले तिच्यातली, तिथे एकसारखे ४८९ दरवाजे आहेत म्हणतात. सहलीला गेलेला कोणीही सांगेल की तिथे वाटाड्या बरोबर असलेला बरा.

लॅबिरिंथचे याच्या नेमके उलटे आहे. त्यात वाट एकच. फाटा नाही, निवड नाही, बंद गल्ली नाही. तोंडातून आत शिरायचे, वाट वळवील तसे वळायचे, की आपण मध्यावर पोहोचतो. मागे वळून चालू लागलो की त्याच वाटेने बाहेर. चुकायचे ठरवले तरी चुकता येत नाही. आणि जुन्या काळची लॅबिरिंथची चित्रे पाहिली, मग ती दगडावरची असोत, नाण्यावरची असोत की भिंतीवरची, तर ती या एकाच वाटेची असतात.

इथेच गंमत सुरू होते. कारण लॅबिरिंथची जी गोष्ट आपण ऐकलेली असते ती हरवण्याची आहे. क्रीट बेटाचा राजा मिनोस, त्याच्यासाठी डेडॅलस नावाच्या कारागिराने बांधलेली वास्तू, आत कोंडलेला बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर. अथेन्सहून पाठवलेली मुले-मुली त्याच्या तोंडी जायची. अखेर थीसियस आत गेला, त्याने मिनोटॉरला मारले आणि राजकन्या अरियाड्नीने दिलेल्या दोऱ्याच्या गुंड्याच्या आधाराने तो बाहेर आला. आता मला सांगा, वाट जर एकच असेल तर दोरा कशाला हवा? थीसियस आपल्या पायांनी आला तसा परत गेला असता. गोष्ट सांगते भुलभुलैया, चित्र दाखवते एकच वाट. ही विसंगती जवळजवळ दोन हजार वर्षे टिकली. फाटे असलेल्या लॅबिरिंथचे माहीत असलेले पहिले आराखडे पंधराव्या शतकातले आहेत, जोवान्नी फोन्ताना या इटालियन वैद्याने १४२० च्या सुमारास काढलेले. तोवर गोष्ट आणि चित्र एकमेकांशी न बोलता शेजारी नांदत होती.

सर्वात जुना पुरावा पाहिला की हे कोडे आणखी रंगते. ग्रीसच्या दक्षिणेला पायलॉस इथे एक जुना राजवाडा खणून काढला गेला. साधारण इ. स. पूर्व १२०० मध्ये तो आगीत जळाला. राजवाड्याचे कारकून मातीच्या ओल्या पाट्यांवर हिशेब लिहीत. या पाट्या कच्च्याच ठेवायच्या असत, पण आगीने त्या भट्टीत भाजल्यासारख्या पक्क्या झाल्या आणि आपल्यापर्यंत आल्या. त्यातल्या एकीवर कोणाकडून किती शेळ्या याची यादी आहे. आणि त्याच पाटीच्या पाठीवर, काही कारण नसताना, चौकोनी वळणांचा एक लॅबिरिंथ कोरलेला आहे. काळ ठरवता येतो अशा लॅबिरिंथांत हा सगळ्यात जुना. ना देव, ना राजा, ना मिनोटॉर. शेळ्यांचा हिशेब आणि मागे चाळा. आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर भूगोलाच्या तासाला काय काय चालायचे ते आठवा, म्हणजे या कारकुनाची ओळख पटेल. एवढे मात्र खरे, की त्याने हा आकार शोधून काढलेला नव्हता. ज्या सहजतेने तो काढलाय त्यावरून तो त्याला आधीपासून येत होता.

आता हा आकार काढायचा कसा ते सांगतो, कारण त्याचे सारे रहस्य तिथे आहे. कागद-पेन्सिल घ्या. मधोमध अधिकचे चिन्ह काढा. त्याच्या चार खणांत एकेक काटकोन काढा, कोपरा अधिकच्या मध्याकडे ठेवून. मग प्रत्येक काटकोनाच्या बाहेरच्या बाजूला, खणाच्या टोकाला, एकेक ठिपका द्या. झाले बीज. आता अधिकचे वरचे टोक त्याच्या उजवीकडच्या लगतच्या टोकाला छोट्या कमानीने जोडा. मग डावीकडचे लगतचे टोक उचला आणि पहिल्या कमानीवरून नेऊन उजवीकडच्या पुढच्या मोकळ्या टोकाला जोडा. ते टोक ठिपका असेल. पुन्हा डावीकडचे पुढचे टोक, उजवीकडचे पुढचे टोक. कमानी एकीवर एक चढत, मोठ्या होत जातील. आठव्या कमानीला टोके संपतात. तुमच्या हातात सात वेढ्यांचा लॅबिरिंथ आहे, क्रीटमधल्या नॉसॉसच्या नाण्यांवर आहे तसाच.

त्यात बोट घालून चाला. बाहेरून मोजत गेलो तर वाट आधी तिसऱ्या वेढ्यात शिरते, मग दुसऱ्यात, मग पहिल्यात. म्हणजे आत जायला निघालेला माणूस आधी बाहेर फेकला जातो. तिथून चौथा. मग एकदम सातवा, मध्याला अगदी खेटून. पोहोचलोच म्हणावे तर वाट पुन्हा मागे घेते, सहावा, पाचवा, आणि पाचव्यातून अवचित मध्य. तीन, दोन, एक, चार, सात, सहा, पाच. ज्यांचे गणित चांगले होते त्यांनी या आकड्यांत काय सुबकपणा दडलाय तो पाहावा.

जो आकार एकदा दाखवला की येतो, आणि एकदा आला की विसरत नाही, त्याला प्रवासाला पुस्तक लागत नाही. रांगोळी जशी एका हातातून दुसऱ्या हातात जाते तसा तो जातो. स्पेनमधल्या गॅलिसियात कातळावर तो आहे, इटलीत आल्प्सच्या पायथ्याशी व्हाल कामोनिकाच्या शिळांवर आहे. व्हेसुव्हियसच्या राखेत इ. स. ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेईत एका घराच्या खांबावर कोणीतरी तो खरवडला आहे आणि शेजारी लॅटिनमध्ये 'लॅबिरिंथ, इथे मिनोटॉर राहतो' अशा अर्थाचे लिहिले आहे. घरमालकाला चिडवायला लिहिले असावे अशी मला दाट शंका आहे. पार अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात कासा ग्रान्दे या जुन्या मातीच्या वास्तूच्या भिंतीवर तो आहे, होपी लोकांच्या खडकांवर आहे, आणि तोहोनो ओओदाम लोकांच्या विणलेल्या टोपल्यांवर त्याच्या तोंडाशी एक माणूस उभा असतो. तिथे तो स्वतंत्रपणे सुचला की स्पॅनिश लोकांबरोबर गेला यावर अजून वाद आहे.

आपल्याकडे या आकृतीला चक्रव्यूह हे नाव चिकटले, आणि त्याबरोबर ग्रीक लोकांची विसंगतीही जशीच्या तशी आली. कर्नाटकात हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरावर, बाराव्या शतकातल्या शिल्पपट्टीत, अभिमन्यूचा चक्रव्यूह कोरलेला आहे. तो गोल, वेढ्यांचा आहे, मध्याशी गोगलगायीच्या शंखासारखा गुंडाळलेला. अधिकच्या चिन्हाऐवजी त्रिकोणी बीजावरून काढायची ही भारतीय तऱ्हा. पण अभिमन्यूची शोकांतिका काय, तर आत जायचे ठाऊक, बाहेर यायचे नाही. एका वाटेच्या आकृतीत ज्याला आत जाता येते त्याला बाहेर येता येतेच. खरे पाहिले तर त्याला वाटेने मारले नाही. जयद्रथाने मागची वाट अडवून पांडवांना बाहेर रोखले आणि आत अनेक महारथी एकट्यावर तुटून पडले. चित्राने ती वाट दाखवली आहे, पण वाट अडवणारे हात त्यात येत नाहीत.

याहून मला मोलाची वाटते ती अल-बिरुनीची नोंद. गझनीच्या महमुदाच्या काळातला हा विद्वान, भारतावरचा त्याचा ग्रंथ १०३० च्या सुमारासचा. त्यात त्याने रावणाच्या लंकेच्या किल्ल्याची आकृती दिली आहे, आणि ती लॅबिरिंथची आहे. मध्यात लंका, म्हणजे मध्यात सीता. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागेल. चक्रव्यूहाचा आणखी एक उपयोग काही भागांत होत असे. अडलेल्या बाळंतिणीला तो दाखवायचा, किंवा ताटावर केशराने रेखून, धुवून, ते पाणी पाजायचे. वळणावळणाची का होईना पण वाट एकच आहे आणि ती बाहेर पोहोचते, हे त्या बाईला सांगायची याहून चांगली आकृती कुणाला सुचली असती?

मराठी मुलखाच्या जवळ हा आकार सापडला तो गोव्यात. दक्षिण गोव्यात रिवणजवळ, उसगाळीमळ-पणसायमळ इथे कुशावती नदीच्या काठच्या सपाट जांभ्यावर शंभरावर आकृत्या खोदलेल्या आहेत. गवे, बैल, हरणे, माणसे, आणि त्यांच्यामध्ये वेढ्यांचा एक मोठा चक्रव्यूह. गावकऱ्यांनी वाट दाखवली म्हणून १९९३ मध्ये अभ्यासक तिथे पोहोचले. रत्नागिरी-राजापूरकडची कातळशिल्पे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हा जांभा आणि त्यातली खोल रेघ लगेच ओळखीची वाटेल. काळाबद्दल पंडितांत एकमत नाही, काही हजार वर्षांचे अंतर पडते. तमिळनाडूत पोल्लाचीजवळ गेडीमेडू इथे दगड मांडून केलेला भला मोठा चौकोनी चक्रव्यूह आहे. आणि २०२५ च्या अखेरीस आपल्या सोलापूर जिल्ह्यात बोरामणीच्या गवताळ माळावर पंधरा वेढ्यांची दगडी रचना असल्याची बातमी आली. अभ्यासक तिचा संबंध सातवाहन काळातल्या रोमन व्यापाराशी जोडतात. तेरसारखी जुनी बाजारपेठ त्याच टापूतली, तेव्हा हे अशक्य नाही. पण सुट्या दगडांचे वय ठरवणे फार कठीण असते. गुराख्याने मागच्या पिढीत मांडलेला दगड आणि दोन हजार वर्षांपूर्वी मांडलेला दगड दिसायला सारखाच. मी तरी उत्खननाची वाट पाहीन.

आता मूळ कोड्याकडे. गोष्ट आणि चित्र जुळत नाहीत, ते का? जर्मन अभ्यासक हेर्मान केर्न यांनी जगभरचे लॅबिरिंथ गोळा करून १९८२ मध्ये मोठा ग्रंथ काढला. त्यांचे म्हणणे असे, की लॅबिरिंथ मुळात इमारत नव्हतीच. ती नाचाची वाट होती. होमरच्या इलियडमध्ये अकिलीझच्या ढालीचे वर्णन आहे, तिथे डेडॅलसने नॉसॉसमध्ये अरियाड्नीसाठी केलेल्या नाचाच्या अंगणाचा उल्लेख येतो. किल्ला नाही, तुरुंग नाही, अंगण. प्लुटार्क लिहितो की क्रीटहून परतताना थीसियसने डेलॉस बेटावर सोडवलेल्या मुलांबरोबर एक नाच केला, त्याच्या पावलांत लॅबिरिंथची वळणे होती, आणि त्याला क्रौंचनृत्य म्हणत. हात धरून एका ओळीत नाचणारी पोरे आणि पुढे वाट जाणणारा एक, असा नाच बाजूला उभे राहून पाहा. ओळ आत जाते, बाहेर येते, एकमेकींच्या विरुद्ध दिशांनी जवळून जाते. पाहणाऱ्याला गुंता दिसतो. नाचणाऱ्याला पुढच्याचा हात आणि एकच वाट. गोष्ट पाहणाऱ्याने सांगितली आणि चित्र नाचणाऱ्याने काढले, असे मानले तर सगळे जुळते. आणि तो दोरा? हात धरलेल्या ओळीची आठवण असेल. हे शेवटचे वाक्य सिद्ध करता येणार नाही, पण मला ते पटते.

इटलीत त्रालियातेल्ला इथे सापडलेली एट्रस्कन सुरई, इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या आसपासची, या बाजूने साक्ष देते. तिच्यावर सात वेढ्यांचा लॅबिरिंथ आहे, त्यातून दोन घोडेस्वार बाहेर पडताहेत, आणि वेढ्यांत अक्षरे आहेत: त्रुइया. म्हणजे ट्रॉय. रोमन पोरे घोड्यांवरून जो गुंतागुंतीचा खेळ करत त्याला ट्रॉयचा खेळ म्हणत आणि व्हर्जिलने त्याची तुलना क्रीटच्या लॅबिरिंथशी केली आहे. हे नाव पुढे उत्तरेत पसरले. स्वीडनमध्ये ट्रॉयबोर्ग, इंग्लंडमध्ये ट्रॉयचे गाव, वेल्समध्ये गुराखी हिरवळीत कापत ते काएरद्रोइया, म्हणजे ट्रॉयचा कोटच.

बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यांवर असे दगड मांडून केलेले लॅबिरिंथ शेकड्यांनी आहेत. त्यांतले बहुतेक मध्ययुगातले आणि त्यानंतरचे, कोळ्यांच्या वस्त्यांजवळ. वादळ किंवा अपशकुन आपल्या मागे लागला तर त्याला घेऊन आत चालायचे, तो वळणांत अडकतो, मग आपण पळत सुटून होडी ढकलायची, असे कोळी सांगत. लिनेयस, ज्याने वनस्पतींना लॅटिन नावे देऊन आपल्याला नववी-दहावीत छळले, तो १७४१ मध्ये ब्लो युंग्फ्रून या निर्जन बेटावर गेला होता आणि तिथल्या लॅबिरिंथची नोंद करून आला. रशियात श्वेत समुद्रातल्या सोलोव्हेत्स्की बेटांवर ते एकेका टेकाडावर गर्दी करून आहेत.

फिनलंडकडे अशा लॅबिरिंथला 'कुमारीचा नाच' म्हणतात. मध्ये एक मुलगी उभी राहायची आणि पोरे वाटेवरून पळत तिच्यापर्यंत पोहोचायची. इंग्लंडमध्ये सॅफ्रन वॉल्डन या गावाच्या मैदानात हिरवळ कापून केलेला लॅबिरिंथ आहे, त्याची वाट दीड किलोमीटरच्या आसपास भरते. तो पुन्हा कापून घेतल्याचा खर्च १६९९ मध्ये गावाच्या हिशेबात पडलेला आहे. अठराव्या शतकातली एक नोंद सांगते की तिथेही मध्ये मुलगी उभी राही, त्या जागेला 'घर' म्हणत, आणि न अडखळता कोण लवकर पोहोचतो यावर बिअरच्या पैजा लागत. मध्ये ट्रॉयची हेलन, मध्ये लंकेची सीता, मध्ये सॅफ्रन वॉल्डनची कुणीतरी गावची पोर. याचा अर्थ काय लावायचा तो लावा. मला एवढे दिसते की हा खेळ इतक्या दूरदूरच्या लोकांना सारखाच सुचला किंवा सारखाच आवडला.

हिरवळीतल्या या वाटा तुडवल्या तरच टिकतात. पाय थांबले की दोन पावसाळ्यांत गवत सारे पुसून टाकते. शेक्सपियरच्या एका नाटकात परीराणी नेमकी हीच तक्रार करते, की कोणी चालत नाही म्हणून वाटा दिसेनाशा झाल्या. इंग्लंडात एके काळी असे लॅबिरिंथ गावोगाव होते. आज जुने असे जेमतेम आठ उरलेत.

चर्चच्या फरशीवरच्यांचे तरी वेगळे व्हायला हवे होते. ते दगडात होते. फ्रान्समध्ये शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा अकरा वेढ्यांचा लॅबिरिंथ आहे, व्यास जवळजवळ तेरा मीटर, वाटेची लांबी दोनशे साठ मीटरच्या आसपास. यात्रेकरू जेरुसलेमला जाता येत नाही म्हणून त्यावर गुडघ्यांनी चालत, असे मार्गदर्शक आवर्जून सांगतात. मध्ययुगातला त्याचा पुरावा मात्र नाही. पुरावा आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. ओसेर इथल्या कॅथेड्रलमध्ये ईस्टरच्या दिवशी दुपारी धर्मगुरू लॅबिरिंथभोवती हात धरून नाचत. नव्याने नेमलेल्या गुरूने चेंडू आणायचा, मुख्य गुरूने तो डाव्या हाती धरून गाणे सुरू करायचे, आणि नाचता नाचता एकेकाकडे फेकायचा. मग सगळ्यांचे जेवण. शेवटी कोणीतरी नव्याने नेमलेला अडून बसला, चेंडू द्यायला तयार होईना, प्रकरण कोर्टात गेले आणि १५३८ मध्ये हा प्रकार बंद झाला. ईस्टरला चर्चमध्ये चेंडू खेळणारे धर्मगुरू! मला त्या अडून बसलेल्या माणसाचा अजून राग येतो.

रँसच्या कॅथेड्रलची हकिगत तर आपल्या सर-बाईंनी जरूर वाचावी. तिथल्या फरशीवर चारी कोपऱ्यांना बुरूज असलेला लॅबिरिंथ होता. प्रार्थना चालू असताना मुले त्यावर पळत, मोजत, हसत, आणि त्यांच्या गोंगाटाने तिथल्या एका धर्मगुरूंचे लक्ष विचलित होई. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी स्वतःचे पैसे खर्चून तो उखडून टाकला. पाचशे वर्षांचे काम, मुलांना गप्प करायला. पुढे काय झाले पाहा. आज फ्रान्समध्ये जी जी इमारत ऐतिहासिक स्मारक म्हणून संरक्षित आहे तिच्यावर लावायचे जे बोधचिन्ह आहे, ते म्हणजे रँसच्या त्याच नाहीशा झालेल्या लॅबिरिंथची आकृती.

इटलीत लुक्काच्या कॅथेड्रलच्या ओसरीतल्या खांबावर हाताच्या उंचीवर एक छोटा लॅबिरिंथ कोरलेला आहे, ताटलीएवढा. आत शिरण्यापूर्वी बोट फिरवावे असा. मध्ये थीसियस आणि मिनोटॉर कोरलेले होते म्हणतात. इतक्या शतकांच्या बोटांनी ते घासून गेले. शेजारच्या लॅटिन लेखात पुन्हा तेच, की यातून अरियाड्नीच्या दोऱ्याशिवाय कोणी बाहेर आला नाही. आणि बोट मात्र मुकाट एकाच वाटेने आत जाऊन बाहेर येते.

सतराव्या शतकापासून युरोपातल्या श्रीमंतांना कुंपणांचे भुलभुलैया आवडू लागले. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्टचा सगळ्यांत प्रसिद्ध. त्यात हरवायची मौज असते, पैसे देऊन हरवायचे. एका वाटेचे जुने चक्र मागे पडले ते थेट गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत. १९९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथेड्रलच्या लॉरेन आर्ट्रेस शार्त्रला गेल्या, लॅबिरिंथवर मांडलेल्या खुर्च्या त्यांनी आणि सोबत्यांनी बाजूला केल्या आणि त्या त्यावर चालल्या. परत जाऊन त्यांनी तीच आकृती कॅनव्हासवर रंगवून घेतली. तिथून ही लाट निघाली. आज अमेरिकेत आणि युरोपात दवाखाने, बागा, तुरुंग, शाळा असे कुठे कुठे चालायचे लॅबिरिंथ आहेत. चालल्याने मन शांत होते असे लोक सांगतात, होत असेल. त्याभोवती ऊर्जा-कंपनांची जी भाषा उगवली आहे ती मला झेपत नाही. वाट चुकायची भीती नाही, कोणाच्या पुढे जायचे नाही आणि मोबाइल खिशात, एवढ्यावरच पुष्कळ शांत वाटत असावे.

मला त्यापेक्षा लंडनच्या भुयारी रेल्वेतला प्रयोग आवडतो. २०१३ मध्ये रेल्वेला दीडशे वर्षे झाली म्हणून मार्क वॉलिंजर या चित्रकाराने २७० स्थानकांवर २७० लॅबिरिंथ लावले, प्रत्येक वेगळा, काळ्या-पांढऱ्या रंगात, तोंडाशी लाल फुली. जगातल्या सर्वांत गुंत्याच्या नकाशांपैकी एक डोक्यावर टांगलेला, आणि खाली एकाच वाटेची पाटी. गाडीची वाट पाहणारी माणसे त्यावर बोट फिरवतात.

आता कामाचे. मंडळाला मी विनंती केली आहे आणि ती मान्य झाली आहे: संमेलनाच्या सकाळी आपल्या मैदानावर, जिथे कबड्डीचे अंगण आखत असत तिथे, फक्कीने सात वेढ्यांचे चक्र आखायचे. वाट दोन फूट रुंद ठेवली तर सगळे मिळून दहा मीटरचा गोल लागेल आणि आत जायला शंभर-सव्वाशे मीटर चालणे. मध्ये खुंटी आणि सुतळी लागेल, अधिकचे चिन्ह आणि चार काटकोन आखायला दोन माणसे, कमानींना तीन. चित्रकलेला ज्यांना बक्षिसे मिळायची त्यांनी सात वाजता यावे. गुडघेदुखीवाल्यांनी घाबरू नये, पायरी एकही नाही. वाट अरुंद असल्याने आत जाणारा आणि बाहेर येणारा समोरासमोर येतील तेव्हा एकाने अंग चोरून दुसऱ्याला जाऊ द्यायचे. आणि नातवंडांना बरोबर आणले असेल तर त्यांना पळू द्या.